मदत हवी आहे: पथरी, क्रिएटिनिन १.१ पण युरिन एसीआर ८६. किडनीला इजा झाली का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. ह्यांचं वय ४४, शुगर-बीपी काही नाही. शीतलामाता बाजारात दुकान आहे. दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण तिथे लघवीला जायची धड सोय नाही. दोन वर्षांत ही तिसरी पथरी (इथे राहून मुतखडा हा शब्दच जिभेवरून गेलाय). डाव्या मूत्रनलिकेत ९ मिमी, सोनोग्राफीत डाव्या किडनीला थोडी सूज.

सोमवारी रात्री कळा, उलट्या, १०१ ताप. मंगळवारी लॅबमध्ये ‘किडनी पॅकेज’ केलं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर वाढतं) १.१, लघवीत पू-पेशी १५-२०, रक्तपेशी भरपूर, आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर (लघवीतून किती प्रथिन जातंय ते) ८६. तो ३० च्या खाली हवा म्हणे! अँटिबायोटिकने ताप उतरलाय, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने खडा काढणार. ८६ चं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ‘नंतर बघू.’

क्रिएटिनिन नॉर्मल म्हणून सासूबाई निश्चिंत, कुळथाचं पाणी चालू आहे. पुण्याची बहीण म्हणते एनजीएएल, किम-१ अशा नव्या टेस्ट (किडनीला इजा झाली की लघवीत वाढणारी प्रथिनं) करून घ्या. करू का?

लॅबवाला (ग्वाल्हेर): ताई, मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये २२ वर्षं काढलीत. तुम्ही भलत्याच आकड्याला घाबरताय. ताप, जंतुसंसर्ग, लघवीत रक्त, असा नमुना दिला तर एसीआर वाढणारच. फार धावपळ-व्यायाम केला तरी वाढतो. खडा निघून संसर्ग गेला की सकाळच्या पहिल्या लघवीचा परत द्या. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा ३० च्या वर आला, तर गंभीरपणे घ्या.

निश्चिंत व्हायचं नाही ते १.१ वर. एक किडनी अडली की दुसरी तिचंही काम उपसते, आणि रक्तात काही दिसत नाही. डावी किती काम करतेय हे डीटीपीए स्कॅनमध्ये वेगळं कळतं. त्याची गरज आहे का, डॉक्टरांना विचारा.

एनजीएएलचं कौतुक एवढ्यासाठी, की किडनीतल्या नलिकांना इजा झाल्यावर काही तासांत ते लघवीत वाढतं. क्रिएटिनिन चढायला दिवस-दोन दिवस जातात. पण ते पांढऱ्या पेशींतूनही येतं, आणि पू-पेशी म्हणजे त्याच. एवढा पू असताना आलेला आकडा किडनीचा की जंतूंच्या भांडणाचा, कसं ठरवणार? किम-१ तर अजून बहुतेक संशोधनातच आहे. पैसे वाचवा.

मालवणीकाकू (बडोदा): ताप परत आला, थंडी वाजली किंवा लघवी कमी झाली तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच रात्री इमर्जन्सीत न्या. अडलेल्या किडनीत जंतू म्हणजे जिवावरचं काम. माझ्या भावाला आधी स्टेंट (बारीक नळी) घालून वाट मोकळी केली, खडा नंतर काढला. आणि दुखण्यावर कुठली गोळी घेतात? इंदूरकर म्हणजे शेवही असणार पोह्यांवर मूठभर. मिठाने लघवीत कॅल्शियम वाढतं हो.

धागाकर्ती: शेव आमटीतसुद्धा पडते, काय सांगू. गोळीचं ह्यांना आत्ता खोदून विचारलं. पंधरा दिवस डायक्लोफिनॅक, रोज दोन, दुकानाशेजारच्या मेडिकलमधून. डॉक्टरांना सांगितलंच नाही!

लॅबवाला: ती आधी बंद. किडनी अडलेली असताना ती गोळी तिला आणखी मारते. आत्ताच फोन करा, सकाळवर टाकू नका.

धागाकर्ती: केला. उद्या नऊला बोलावलंय, क्रिएटिनिन परत करणार आहेत.