खाडीतल्या निवट्यांवरून (चिखलात राहणारे छोटे मासे) पाणी खराब झालंय हे कळतं का?

खाडीकाठचा: आजोबा सांगतात ठाण्याच्या खाडीत निवट्या ढिगाने मिळायच्या, आता तासभर चिखल तुडवला तरी चारच. प्रदूषणच ना?

चिखल्या: नुसत्या संख्येवरून नाही सांगता येत. पण निवटी तिथेच बीळ करून राहते, लांब जात नाही, कातडीतूनही श्वास घेते, म्हणून टेस्टिंगला बरी पडते. कल्ले आणि लिव्हर बघतात, शिसं, कॅडमियम मांसापेक्षा तिथे जास्त साठतं.

बोयप्रेमी: बोय माशाला रॉकेलचा वास आला की आई टोपातच टाकत नाही, आमची लॅब तीच 😀

खाडीकाठचा: तिलापिया मात्र भरपूर दिसतो हां.

चिखल्या: तो कमी ऑक्सिजनमध्येही तगतो हो, बाकीचे गायब आणि तोच उरला तर उलट काळजी करा.