मदत हवी आहे : पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावरील डाग आणि दुसऱ्या ओट्याचा निर्णय

सायली_पुणे
शुक्रवारपर्यंत निर्णय द्यायचा असल्यामुळे थेट विषयावर येते. नव्या स्वयंपाकघरात समोरासमोर दोन ओटे आहेत. त्यांपैकी एकावर पांढरा क्वार्ट्झ बसवून झाला आहे आणि वापर सुरू होताच त्यावर पिवळे डाग पडले, जे काही केल्या निघत नाहीत. खायचा सोडा लावून पाहिला, तर डाग उलट लालसर झाला, त्यामुळे आता हात लावण्याचीही धास्ती वाटते. विकताना मात्र ‘क्वार्ट्झला काहीही होत नाही’ असे सांगण्यात आले होते. डाग कसे काढावेत आणि दुसरा ओटाही क्वार्ट्झचाच करावा का, एवढेच सांगा. कडप्पा आणि ग्रॅनाइट यांचे गुणगान कृपया नको.

बाळाजीपंत
गुणगान नको म्हटले असले तरी लिहितो, कारण उद्या पश्चात्ताप तुम्हालाच व्हायचा आहे. आमच्या नाशिकच्या घरी काळा ग्रॅनाइट आहे. त्यावर पुरणाचे पातेले शेगडीवरून थेट उतरवले जाते, हळद सांडते, लिंबू पिळले जाते आणि आजवर एकही डाग पडलेला नाही.

काळीमिरी
काळ्या दगडावर डाग पडलेला नाही आणि डाग दिसत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पंत. सायलीताई, तुम्ही महत्त्वाचे काहीच लिहिलेले नाही. शेगडी कोणत्या ओट्यावर आहे? डाग नेमके कुठे आहेत आणि त्यांचा आकार कसा आहे? शिवाय हा क्वार्ट्झच आहे, की त्याच्या नावाखाली खपवलेले नॅनो व्हाइट? ते काचेच्या जातीचे असते आणि त्याचे टवके लवकर उडतात.

सायली_पुणे
शेगडी अर्थातच झालेल्या ओट्यावर आहे, नाहीतर डाग कशाला पडले असते? समोरच्या ओट्यावर फक्त सिंक येणार आहे. बिलावर क्वार्ट्झ असेच लिहिले आहे. एक डाग मिक्सरजवळ, वाटण काढतो तिथे पसरलेला आहे, तर दुसरा शेगडीच्या उजवीकडे अर्धगोल, तपकिरीकडे झुकणारा आहे. सोडा पहिल्यावरच लावला होता.

काळीमिरी
मग हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचा उपायही एक असणार नाही. पहिला डाग हळदीचा आहे. हळदीला सोडा किंवा साबण लागला की ती लाल होते; हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणामुळे. तेव्हा डाग वाढलेला नाही, त्याने आपली ओळख दिली आहे. औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापड भिजवून डागावर ठेवावे, वर प्लॅस्टिक झाकून काही तासांनी पुसून घ्यावे. आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे. एका खेपेत डाग जाणार नाही, फिका होत जाईल.

उन्हाळी_आंबा
एवढा खटाटोप कशाला? हळदीचा डाग उन्हाने आपोआप उडतो. खिडकीचा पडदा उघडा ठेवावा.

दगडमाती
ऊन दाखवा हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. हळदीचा रंग प्रकाशाने उडतो, पण क्वार्ट्झमधील रेझिन, म्हणजे दगडाचा चुरा बांधून ठेवणारे प्लॅस्टिकसारखे द्रव्य, सततच्या उन्हाने पिवळे पडते, म्हणून हा दगड गच्चीवर किंवा उघड्या अंगणात बसवत नाहीत. चार दिवस पडदा उघडा राहिल्याने काही बिघडणार नाही, इतकेच. मी याच व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. क्वार्ट्झची लादी खाणीतून अखंड निघत नाही; वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा आणि उरलेले पॉलिएस्टर रेझिन व रंग यांचे मिश्रण निर्वात अवस्थेत कंप देत दाबून ती तयार होते. चुऱ्याला लिंबाने किंवा सुरीने फारसे काही होत नाही, जे होते ते रेझिनला. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे ते भाजू लागते. अर्धगोल डाग तसाच भाजलेला असावा. तिथे गरम कुकर ठेवला जातो का?

सायली_पुणे
कुकर सगळेच ठेवतात.

बाळाजीपंत
पाहा, कुकरही ठेवता येत नसेल तर तो ओटा कसला? देवघरात ठेवावा.

काळीमिरी
कुकरमधील वाफ १२० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे मला तो दोषी वाटत नाही. भाकरीचा बिडाचा तवा किंवा तळणीची कढई उतरवून ठेवली जाते का?

सायली_पुणे
तवा ठेवतात. सासूबाई भाकऱ्या झाल्या की उजवीकडेच उतरवतात.

दगडमाती
मग तो तव्याचाच डाग आहे आणि तो घरगुती उपायाने जाणार नाही. जागेवर पॉलिश करून देतो असे कोणी सांगितले तरी करून घेऊ नये, कारण तेवढ्याच भागाची चमक वेगळी पडते आणि भाजलेले ठिकाण आणखी उठून दिसते. शौचालयाचे आम्ल, ब्लीच आणि तारेची घासणी तर मुळीच वापरू नये. उजव्या बाजूला लोखंडी तिवई कायमची ठेवावी. तिने डाग झाकला जाईल आणि तवाही ओट्याला टेकणार नाही.

उन्हाळी_आंबा
क्वार्ट्झ आरोग्याला घातक आहे म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली, हे कोणीच कसे सांगत नाही? अशा ओट्यावर पोळ्या लाटायच्या का?

दगडमाती
बंदी १ जुलै २०२४ पासून आहे, पण तिचे कारण कापणाऱ्या कामगारांना होणारा सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या (गारगोटीतील मुख्य घटकाच्या) धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हे आहे. धोका कापताना उडणाऱ्या धुळीत असतो, बसवलेल्या ओट्यावर लाटलेल्या पोळीत नाही. मात्र सायलीताई, सिंकचे भोक घरात कोरडेच कापू देऊ नका. कारखान्यातून, पाणी सोडून कापून आणायला सांगा. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, पण बरीच कमी.

सायली_पुणे
मूळ प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. दुसरा ओटा कशाचा करू?

काळीमिरी
सिंकच्या ओट्यावर तवा येणार नसेल तर क्वार्ट्झ उत्तम आहे, कारण तो पाणी जवळपास शोषत नाही. खरा प्रश्न रंगाचा आहे. पांढऱ्याची छटा प्रत्येक लॉटमध्ये थोडी बदलते. त्याच लॉटची लादी मिळते का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारा.

सायली_पुणे
विचारले. तो लॉट संपला आहे. मग समोर सरळ राखाडी क्वार्ट्झच घेते, म्हणजे छटेचा प्रश्न उरत नाही. पेरॉक्साइडने मिक्सरजवळचा डाग बराच फिका झाला आहे.

बाळाजीपंत
कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो : सिंकच्या ओट्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या. ओघळणारे पाणी तिथेच तुटून खाली पडते आणि ट्रॉलीच्या दारांचे प्लायवूड फुगत नाही. हे ग्रॅनाइटलाही लागू आहे.