लहान विमानात कॅमेरा बसवून अंधारातले स्थिर चित्रण कसे घ्यावे?

प्रश्न – कोयनाकाठ (कऱ्हाड)

नमस्कार. मी कऱ्हाडला व्हिडिओ चित्रीकरणाचा व्यवसाय करतो. माझ्या मित्राकडे खासगी वैमानिकाचा परवाना असून त्याच्यासोबत सेस्ना १७२ या लहान विमानातून मी कधीमधी चित्रण घेतो. समोरच्या काचेला सक्शन कपाने लावलेला कॅमेरा दिवसा समाधानकारक चित्र देतो. परंतु सूर्यास्तानंतर महामार्गावरचा प्रत्येक दिवा ठिपका न राहता जिलेबीच्या वेढ्यासारखा उमटतो, आणि संगणकावर स्थिरीकरण केले तर तो दोष अधिकच डोळ्यांवर येतो. महागडा गिंबल (मोटारींनी कॅमेरा स्थिर धरणारे उपकरण) घ्यावा की कॅमेरा बसवण्याची पद्धतच बदलावी? प्रीतिसंगमापासून (कऱ्हाडचा कृष्णा-कोयना संगम) साताऱ्यापर्यंतच्या महामार्गाचे रात्रीचे दृश्य घेण्याची इच्छा आहे.

उत्तर १ – फिटर (कुपवाड एमआयडीसी)

गिंबलचे पैसे तूर्त खिशातच ठेवावेत. आपले इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ४० होतात. पंखा दोन पात्यांचा आणि इंजिन चार सिलिंडरचे असल्यामुळे दुसरा जोरदार ठोका सेकंदाला ८० वेळा बसतो. दिवसा शटर १/१००० सेकंद उघडे असते, तेवढ्यात कंपनाचा जेमतेम एक तुकडा टिपला जातो. अंधारात तेच शटर १/२५ ला आणले की एका फ्रेममध्येच दीडपेक्षा जास्त आंदोलने उमटतात. संगणक दोन फ्रेममधील हालचाल जुळवू शकतो, फ्रेमच्या आत फरफटलेला दिवा पुन्हा ठिपका करू शकत नाही. गिंबलच्या मोटारीही विमानाचे डोलणे सांभाळतात. इतक्या जलद थरथरीपुढे त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

समोरची काच ही तर ताणलेल्या पत्र्यासारखी थरथरणारी जागा, त्यामुळे ती सोडावी. कॅमेरा जड धातूच्या पट्टीवर बसवून त्या पट्टीखाली चार मऊ रबरी गुटके द्यावेत. रबर किती मऊ असावे, याचा आमच्या कामातला ढोबळ अंदाज असा, की कॅमेऱ्यासह पट्टी ठेवल्यावर गुटके सुमारे अडीच मिलिमीटर दबले, तर त्या जोडणीची स्वतःची लय सेकंदाला १० च्या आसपास येते आणि ४० चे कंपन वर पोहोचेपर्यंत कागदावर पंधराव्या हिश्श्यावर उतरते. प्रत्यक्षात थोडे जास्त राहते. याउलट रबर इतके कडक असेल की ते केसभरच दबते, तर जोडणीची लय इंजिनच्या लयीशी जुळते आणि थरथर वाढते. बाजारातले बरेच ‘कंपनरोधक’ स्टँड इथेच फसतात.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. दूरच्या दिव्यांसाठी कॅमेरा मिलिमीटरभर वरखाली झाला तरी बिघडत नाही, पण तो किंचित जरी कलला तरी दिवा फरफटतो. म्हणून गुटके एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवावेत आणि कॅमेऱ्याचा भारमध्य त्यांच्याच पातळीत आणावा. उंच दांड्यावर टोकाला बसवलेला कॅमेरा म्हणजे कलण्याला निमंत्रणच.

उत्तर २ – मिरजकर

वरील विवेचनाशी सहमत आहे. मात्र माझ्या मते सर्वांत स्वस्त कंपनरोधक म्हणजे माणसाचे शरीर. कॅमेरा दोन्ही हातांत धरून, कोपरे दारापासून आणि पाठ शक्य तितकी आसनापासून सुटी ठेवली, तर बरीचशी थरथर अंगातच जिरते. शटर १/५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नये. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज असल्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० या जोडीत रस्त्यावरचे दिवे लुकलुकतही नाहीत. f/१.४ किंवा f/१.८ ची, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी, रुंद कोनाची लेन्स घ्यावी, फोकस दूरच्या दिव्यावर हाताने लावून रिंगला चिकटपट्टी मारावी. काचेतील प्रतिबिंबासाठी लेन्सभोवती काळे कापड धरावे, परंतु लेन्स काचेला टेकवू नये. ती टेकली की सगळी मेहनत वाया जाते.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

दोघांचेही आभार. पट्टी आसनाच्या रुळाला आवळून बसवली तर चालेल का?

उत्तर ३ – वैमानिक (सांगली)

अजिबात नको. आसन पुढेमागे सरकून ज्या छिद्रांत अडकते, तिथे काही अडथळा आला आणि उड्डाण घेताना वैमानिकाचे आसन मागे घसरले, तर चित्रणाचा प्रश्नच उरणार नाही. पट्टी रिकाम्या मागच्या आसनावर, त्याच्याच पट्ट्याने बांधून ठेवावी आणि कॅमेऱ्याला वेगळी सुरक्षादोरी असावी. चुंबक असलेला क्लॅम्प होकायंत्राजवळ नेऊ नये, स्क्रीनचा उजेड वैमानिकाच्या डोळ्यांवर येऊ देऊ नये. मांडणी आधी विमानाच्या देखभाल अभियंत्याला दाखवावी.

आता आपल्या इच्छेबद्दल. भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर (बाहेरचे डोळ्यांनी पाहून करायचे) उड्डाण करता येत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाने स्थानिक आणि प्रशिक्षण उड्डाणांना दिलेली सूट एवढाच अपवाद. म्हणजे अंधारात कऱ्हाडहून साताऱ्यापर्यंत महामार्ग धरून जाण्याचा बेत सोडावा लागेल. विमानातून चित्रण करण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची लेखी परवानगीही लागते, आणि आपला तर हा व्यवसाय आहे.

पण ही मर्यादा आपल्या पथ्यावरच पडेल. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत मलकापूर-कऱ्हाडचे दिवे लागलेले असतात, नद्यांचे पाणी आकाशाच्या उजेडाने अजून वेगळे दिसते आणि शटर १/१०० ठेवण्याइतका प्रकाश असतो. सूर्य मावळण्याआधी उड्डाण घेऊन प्रीतिसंगमाभोवती एकदोन मोठ्या, सौम्य फेऱ्या माराव्यात, आणि विसाव्या मिनिटाच्या आत चाके धावपट्टीला लागलेली असतील, असे वेळापत्रक मित्राकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.