एकाच प्रिपोझिशनचे सात-आठ अर्थ : आठवीच्या वर्गाला कसे शिकवावेत?

बर्डीची_मास्तरीण

नागपुरात मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. बाय, ओव्हर, इन, विथ या प्रिपोझिशनपाशी, म्हणजे इंग्रजीतल्या शब्दयोगी अव्ययांपाशी, गाडी अडते. पोट्ट्यांनी 'बाय म्हणजे ने' एवढंच पाठ केलेलं असतं. मग 'सबमिट द फॉर्म बाय मंडे'चं 'फॉर्म सोमवारने द्या' होतं आणि 'ही सॅट बाय द विंडो'चं 'तो खिडकीने बसला'. शब्दकोशातली सगळी यादी फळ्यावर लिहिली की गोंधळ आणखी वाढतो, कारण कोणता अर्थ कुठे घ्यायचा हे यादी सांगत नाही. परीक्षेत पटकन वापरता येईल अशी काही रीत आहे का? भाषांतर आणि रिकाम्या जागा, दोन्हींसाठी हवी आहे.

धरमपेठ_व्याकरण

मॅडम, अर्थांची यादी करण्यापेक्षा प्रिपोझिशनच्या पुढे काय येतं, त्याची यादी करा. फळ्यावर एकच वाक्य लिहा : 'द बॅनर विल बी पेंटेड बाय...' आणि पुढची जागा बदलत राहा.

'बाय माय सिस्टर' : पुढे माणूस, म्हणजे काम करणारा.
'बाय फ्रायडे' : पुढे वार, म्हणजे मुदत. शुक्रवारी किंवा त्याआधी.
'बाय हँड' : पुढे साधन, तेही 'अ' किंवा 'द' न लावता. म्हणजे रीत.
'बाय द लेक' : पुढे जागा, म्हणजे जवळ. फुटाळा तलावाच्या काठाशी.

वाक्य तेच, क्रियापद तेच, तरी चार अर्थ. प्रिपोझिशन स्वतः फार थोडं सांगते, बाकीचं पुढचं नाम सांगतं, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं.

पाचवा अर्थ मात्र क्रियापदावरून ओळखायचा. वाढणे, घटणे, जिंकणे, हरणे अशी क्रियापदं असतील आणि पुढे आकडा असेल तर बाय म्हणजे फरक. नागपूरच्या मुलांना जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवरचे निकाल द्या. ५ मार्च २०१९च्या वनडेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 'इंडिया वन बाय ८ रन्स', आणि फेब्रुवारी २०२३च्या कसोटीत 'बाय अ‍ॅन इनिंग्ज अँड १३२ रन्स'. मग उन्हाळ्याचं उदाहरण घ्या. 'द टेम्परेचर रोझ बाय ३ डिग्रीज' म्हणजे पारा ३ अंशांनी चढला, 'रोझ टू ४५ डिग्रीज' म्हणजे ४५ अंशांवर पोहोचला. 'नी' आणि 'वर' हा भेद मराठीत आधीच आहे, तो फक्त दाखवून द्यायचा. गणिताच्या पेपरातही हाच भेद लागतो : किंमत २० टक्क्यांनी उतरली की २० रुपयांवर उतरली?

महाल_भाषांतर

वरची रीत इंग्रजी वाचताना उपयोगी आहे. लिहिताना अडचण उलट बाजूने येते. मराठीचा एक प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय इंग्रजीत दोन-तीन ठिकाणी फुटतं. सर्वांत जास्त मार्क 'पर्यंत'वर जातात.

'सोमवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'सोमवारपर्यंत इथे थांबा'. पहिल्यात काम एकदाच होऊन संपतं, तिथे बाय. दुसऱ्यात क्रिया सोमवार येईतो चालूच राहते, तिथे अनटिल. मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा : मध्ये कोणत्याही दिवशी पाहिलं तर हे काम चालू असेल का? हो, तर अनटिल. नाही, तर बाय. 'बंद आहे', 'वाट पाहा', 'राहा', 'झोप' ही सगळी चालू राहणारी. 'पोहोच', 'दे', 'संपव' ही एकदाची. जागेचं 'पर्यंत' वेगळं आहे, 'बर्डीपर्यंत चाललो'ला 'अ‍ॅज फार अ‍ॅज'.

नोटीस लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. 'क्लोज्ड अनटिल मंडे'चा अर्थ सहसा सोमवारी उघडेल असा घेतला जातो. आपल्या 'सोमवारपर्यंत बंद'मध्ये सोमवार धरला की सोडला, यावर वाद होऊ शकतो. म्हणून सोमवारीही बंद असेल तर 'विल रीओपन ऑन ट्यूजडे' असं सरळ लिहावं.

'पासून'चंही असंच. 'दोन वर्षांपासून' म्हणून 'सिन्स टू इयर्स' लिहिलं जातं. कॅलेंडरवर बोट ठेवता येतं ते सिन्स (सिन्स २०२२, सिन्स दिवाळी), मोजावं लागतं ते फॉर (फॉर टू इयर्स).

आणि 'ने'. हातात धरलेलं हत्यार असेल तर विथ : 'कट विथ अ नाइफ'. वाहन असेल तर बाय, पण वाहनाचं नाव एकटं हवं : 'बाय बस', 'बाय कार'. त्याला 'माय' किंवा 'द' चिकटला की सहसा बाय चालत नाही, 'इन माय कार', 'ऑन द बस' म्हणावं लागतं. 'बाय माय ब्रदर्स कार' ही चूक वहीत हमखास सापडेल.

सदर_इंग्रजी

पुढचं नाम पाहा, हे 'बाय'ला चपखल बसतं. 'ओव्हर'ला तेवढ्याने भागत नाही. तिथे आधी एक चित्र काढा : खाली वस्तू, वरून जाणारी कमान. 'ब्रिज ओव्हर द रिव्हर', 'जम्प्ड ओव्हर द वॉल', 'ओव्हर ५०० पीपल' (आकड्याची रेघ ओलांडून वर), 'द मॅच इज ओव्हर' (पलीकडे जाऊन संपलं). चारही त्या चित्रातून निघतात.

खरी कसोटी वेळ पुढे आल्यावर. 'इट टुक ओव्हर टू डेज' म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त लागले. 'ही रेड द बुक ओव्हर टू डेज' म्हणजे दोन दिवसांच्या काळात वाचलं. पुढचे शब्द अगदी तेच आहेत, म्हणून इथे क्रियापदच पाहावं लागतं. टेक, लास्ट, वेट यांच्यानंतर बहुधा 'जास्त'. वाचणे, लिहिणे, दुरुस्त करणे अशी पसरवता येणारी कामं असली तर 'च्या काळात'. शंका उरली तर ओव्हरच्या जागी 'मोर दॅन' ठेवून पाहा. वाक्य उभं राहिलं आणि अर्थ तोच वाटला तर पहिला अर्थ.

'इन टू अवर्स'लाही हाच नियम. 'आय कॅन फिनिश इट इन टू अवर्स' : दोन तासांत. 'आय विल बी बॅक इन टू अवर्स' : दोन तासांनी. 'दोन तासांनी येतो'साठी मुलं 'आफ्टर टू अवर्स' लिहितात. आत्तापासून पुढे मोजायचं असेल तर 'इन' वापरावं.

'फॉर' आणि 'ऑफ'साठी मात्र चित्राच्या मागे लागू नका. तिथे 'वेट फॉर', 'अफ्रेड ऑफ' अशा जोड्याच पाठ कराव्या लागतात.

बर्डीची_मास्तरीण

बॅनरचं वाक्य उद्याच वर्गात घेते. एक राहिलं : 'रॅन अप द हिल' आणि 'रॅन अप अ बिल'. 'अप'च्या पुढे दोन्हीकडे नामच आहे, मग वेगळं कसं ओळखायचं?

धरमपेठ_व्याकरण

'अप' उचलून नामाच्या मागे ठेवून पाहा. 'रॅन अ बिल अप' चालतं, 'रॅन द हिल अप' चालत नाही. जिथे हलतं तिथे तो शब्द क्रियापदाचा तुकडा आहे आणि अर्थ जोडीनेच घ्यायचा : 'रन अप' म्हणजे बिल किंवा उधारी वाढवत नेणे. जिथे हलत नाही तिथे ती साधी प्रिपोझिशन, टेकडीवर पळत चढला.

नामाऐवजी 'इट' आलं तर हा तुकडा 'इट'च्या मागेच जातो. 'लुक इट अप' बरोबर, 'लुक अप इट' चूक. रिकाम्या जागांत नसलं तरी वाक्य दुरुस्तीत हे विचारतात, म्हणून 'टर्न इट ऑफ', 'पुट इट ऑन', 'गिव्ह इट बॅक' एवढी तीन तोंडात बसवून घ्या.