कोडं सुटलं, पण सोडवलं कोणी?

मुक्काम_भुसावळ
परवा रात्री आमच्या अकरा जणांच्या गटाचं कोडं सुटलं आणि काल सकाळपासून भांडण चालू आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे कोणी वळसे घालायला नको. कोडं शहाद्याच्या पोरानं सोडवलं, एकट्यानं. "आपण सगळ्यांनी मिळून सोडवलं" हे म्हणजे लग्नपत्रिकेत खाली अख्खी भावकी छापण्यासारखं आहे. कोणी रुसू नये म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही 'एलिट डेंजरस' हा अंतराळातला खेळ खेळणारे, जळगाव-धुळे-नंदुरबारचे. फैजपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं दिवाळीच्या सुट्टीत गटासाठी कोडं रचलं. चाळीस सेकंदांची ध्वनिफीत आणि सोबत एक आकडा, २८१४७४९७६७१२६४४. बाकी काही नाही.

आकडा जुन्या मंडळींनी ओळखला. 'माइनक्राफ्ट' हा खेळ बनवणाऱ्या नॉचनं एप्रिल २०१२ मध्ये अंतराळातला नवा खेळ जाहीर केला होता, त्याच्या कथेतलं हे साल. कथा अशी की १९८८ साली माणसं झोपेच्या पेटीत झोपतात. पेटीला कालावधी सांगायचा होता 'एक', पण यंत्रानं सोळा-सोळा बिटांचे (बिट म्हणजे संगणकातला ० किंवा १) चार तुकडे उलट्या क्रमानं वाचले आणि एकाचा झाला दोनाचा अठ्ठेचाळिसावा घात. २८१४७४९७६७१०६५६ वर्षं! त्यात १९८८ मिळवा, आकडा हजर. (खेळ २०१३ मध्ये गुंडाळला गेला, आलाच नाही.)

ध्वनिफितीत मोर्स (टिंब-रेघांची लिपी) होता. त्यातून ४१ ५४ ४९ ५० अशा जोड्या निघाल्या, आस्कीत (अक्षरांना आकडे देणारा संगणकाचा तक्ता) बसवल्यावर चौदा रोमन अक्षरं: ए टी आय पी ए के एच टी बी आय ई एच ए टी. अर्थ शून्य. पुढे नऊ रात्री आम्ही ४८ या आकड्याच्या मागे. अक्षरं ४८ घरं सरकवली (सव्वीसच अक्षरं, म्हणजे खरं तर २२ घरं, हे कळायलाच एक रात्र गेली), विजनेर (गुप्त शब्दाप्रमाणे अक्षरं सरकवायची जुनी रीत) लावला, ४८ स्टेशनांची नावंसुद्धा लावून पाहिली. सगळं एका शीटमध्ये, २१४ ओळी. दहाव्या दिवशी शहाद्याचा पोरगा गटात आला आणि वीस मिनिटांत उत्तर टाकलं. मग सोडवलं कोणी?

वहीवाली_धुळे
ती शीट माझी, म्हणून बोलते. भाऊ, वीस मिनिटांतली अठरा तो शीटच वाचत होता. २१४ वाटा बंद आहेत हे माहीत असलेला माणूस आणि न माहीत असलेला माणूस, दोघं एकाच कोड्यासमोर बसलेले नसतात. एकाचं कोडं केव्हाच लहान झालेलं असतं. ते लहान करण्याचं काम फुकटात झालं का? मी रोज रात्री पोळ्या आटोपून साडेदहाला बसायचे. "केलं, नाही जमलं" एवढंच लिहून चालत नाही. काय केलं, कुठून सुरुवात केली, काय निघालं, हे सगळं लिहावं लागतं. नाहीतर पुढचा तेच पुन्हा करतो. पहिल्या दोन रात्री शीट नव्हती, तेव्हा तिघांनी एकच गोष्ट तीनदा केली होती. आठवतं ना?

केळीबाग_रावेर
ताईंशी सहमत. भुसावळकर, तुम्ही ज्या खेळाचे जुने खेळाडू म्हणवता त्यातलंच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये 'एलिट'मध्ये तो अज्ञात अवशेष सापडला होता. लोकांनी त्याचा आवाज रेकॉर्ड करून मोर्स काढला, तर जवळच्या ग्रह-ताऱ्याचं नाव निघालं. आणि ती वस्तू जहाजाबाहेर सोडली की वळून वळून एकाच दिशेला रोख धरायची. मग लोकांनी ती वेगवेगळ्या ताऱ्यांपाशी नेली (बाळगली की जहाजाला इजा व्हायची, तरी नेली), दिशा टिपल्या, रेषा मारल्या. सगळ्या रेषा मेरोपीपाशी. आपल्या कृत्तिकांमधला तारा. सांगा, कृत्तिका कोणी शोधल्या? शेवटची रेषा मारणाऱ्यानं?

मुक्काम_भुसावळ
भूमितीत छेदबिंदूला दोन रेषा पुरतात. बाकीचे हौशे-गवशे.

केळीबाग_रावेर
कागदावर पुरतात. तिथे दिशा डोळ्यानं ताडायची होती. एका अंशाची चूक धरा. चारशे प्रकाशवर्षांवर ती जवळपास सात प्रकाशवर्षांची होते, आणि तेवढ्यात दुसरा तारा सहज मध्ये येतो. दोन रेषांवर विश्वास टाकणारा माणूस पाणाड्याच्या नारळावर बोअर मारणाऱ्यातला. आमच्या शिवारात असे तीन कोरडे बोअर आहेत, एक माझा.

पाटणादेवी_रोड
मी भुसावळकरांच्या बाजूनं. चाळीसगावचा आहे, म्हणून घरचंच उदाहरण देतो. आमच्याकडे पाटणला शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला त्याचा. नावं कोणाची? भास्कराची, चांगदेवाची, दान देणाऱ्या राजघराण्याची. मठात बसून उदाहरणं घोकणाऱ्यांची नाहीत. आणि ते बरोबरच आहे. कुट्टकाची (पूर्णांकी उत्तरं काढायची जुनी गणिती रीत) हजार उदाहरणं सोडवली म्हणून कुट्टक तुमचा होत नाही.

वहीवाली_धुळे
दान देणाऱ्याचं नाव आहे ना पण? त्यानं तरी कुठे गणित केलं होतं! शिलालेखाचा खर्च कोण करतो यावरून नावं ठरतात, दादा. वाईट दाखला दिलात.

अमळनेरना_भाऊ
भो, उत्तर काय निंघनं ते कोनी सांगंच नही.

शहादा_रात्रपाळी
मी तो पोरगा. वय बत्तीस, पण ठीक आहे.

उत्तर 'तापीकाठी भेटा'. रोमनमध्ये लिहून प्रत्येक दोन अक्षरांची अदलाबदल केलेली. टी-ए चं ए-टी, पी-आय चं आय-पी, अशा सात जोड्या. मी सोलर पंपांच्या कंट्रोलरची दुरुस्ती करतो. मॉडबसवर (यंत्रांची आपसात बोलायची भाषा) रजिस्टर, म्हणजे आकड्याचं घर, सोळा बिटांचं असतं, म्हणजे दोन बाइटांची जोडी. एका कंपनीचं यंत्र आधी मोठा बाइट पाठवतं, दुसरं लहान. जोडी उलटी वाचली की २३० व्होल्टच्या जागी ५८८८० दिसतात आणि शेतकरी घाबरून फोन करतो. आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. त्यामुळे तुम्ही ४८ बघत होतात तेव्हा मला आकड्यामागची गोष्ट दिसली, तुकडे उलटण्याची.

पण खरं सांगायचं तर तेवढ्यानं जमलं नसतं. मी शीटमधली ६१ वी ओळ पाहिली. तिथे कोणीतरी अख्खी चौदा अक्षरं मागून पुढे लिहिली होती: टी ए, एच ई, आय बी, टी एच, के ए, पी आय, टी ए. शेजारी शेरा, "शेवटी 'कपिता' वाचता येतं. योगायोग?" मराठी काना-मात्रा पहिल्यांदा तिथेच दिसली. भुसावळच्या यार्डाच्या भाषेत सांगायचं तर मूळ ओळीत डबे क्रमानं होते, आतले प्रवासी उलटे बसलेले. ६१ व्या ओळीत प्रवासी सरळ झाले, पण गाडीच उलटी लागली. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या आणि झालं.

वहीवाली_धुळे
आता मी बोलते. तो 'कपिता'चा शेरा माझा. ओळ कोणाची, हे सांगू का भुसावळकर, की तुम्ही सांगता?

मुक्काम_भुसावळ
माझी. चौथ्या रात्री कंटाळून उलटं लिहून पाहिलं आणि पुढे 'कचरा' असं टाकलं. ती ओळ काढून टाका असंही ताईंना म्हणालो होतो. त्यांनी काढली नाही.

म्हणूनच तर एवढा हट्ट धरलाय. अर्धं उत्तर माझ्या हातानं लिहिलं गेलं आणि मी त्याला कचरा म्हणालो. आता 'सगळ्यांनी मिळून'च्या नावाखाली त्यातला वाटा मला मिळतोय, आणि तो घेताना लाज वाटते. सोन्याचा खडा पायाखाली आला म्हणून कोणी सराफ होत नाही. निदान आमच्या जळगावात तरी नाही.

पाटणादेवी_रोड
हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. माझ्या शिलालेखाचा उगाच बळी गेला.

केळीबाग_रावेर
मग 'कपिता' ओळखणाऱ्या ताईंना काय द्यायचं? त्यांनी ओळ ठेवली, शेरा मारला, प्रश्नचिन्ह दिलं. तुमच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात बसतं?

मुक्काम_भुसावळ
ताईंचं नाव घालायला माझी ना नाही. शहादा आणि धुळे, दोन नावं. अकरा नाहीत.

शहादा_रात्रपाळी
मला वादात पाडू नका. कोडं रचणाऱ्याशी बोललो. तो म्हणतो 'भेटा' म्हणजे खरंच भेटा, रविवारी चांगदेवच्या संगमावर, तापी-पूर्णेच्या काठी. भरिताची वांगी त्याच्या मामाच्या शेतातली, ती भाजायला पऱ्हाट्या तिथेच मिळतील, कळण्याच्या पुऱ्या ज्यानं त्यानं आणायच्या.

अमळनेरना_भाऊ
हाई खरं उत्तर शे. मी येस.

वहीवाली_धुळे
शीटमध्ये २१५ वी ओळ टाकली आहे. 'काय केलं' मध्ये लिहिलं, जोड्या उलटल्या. 'कोणी' मध्ये तीन नावं लिहिली, शहादा, धुळे, भुसावळ. पाच मिनिटांत भुसावळ कोणीतरी खोडलं. मी परत लिहिलं.

मुक्काम_भुसावळ
परत खोडलं.

वहीवाली_धुळे
शीट माझी आहे, भाऊ. आता तुम्हाला फक्त वाचता येईल.