कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर: तो नियम परत हवा का?

कोलंबसचा_काका

शनिवारी आमच्या गावात लाखभर माणसं लाल कपडे घालून ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमकडे निघतात. बावीस वर्षं इथे राहून मीही त्यांच्यातलाच झालोय. पूर्वी खेळाडूंची नावं तोंडपाठ असायची, आता दर ऑगस्टला नवा पट पाठ करावा लागतो. पण तक्रार तेवढीच असती तर धागा काढला नसता.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना एनसीएए. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या खेळांत कॉलेज बदललं की वर्षभर सामने खेळता येत नसत. सराव करा, वर्गात बसा, सामन्याला मात्र बाकावर. बाकी खेळांत एकदा बदलायची मुभा होती. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं आणि जुन्या कोचची परवानगी मागायची गरज संपली. 2021 मध्ये सगळ्याच खेळांना एकदा बदलायची सवलत मिळाली. डिसेंबर 2023 मध्ये आमच्या ओहायोसह काही राज्यं कोर्टात गेली. वेस्ट व्हर्जिनियातले फेडरल न्यायाधीश बेली यांनी दुसऱ्या बदलीवरची बंदीही थांबवली. 2024 मध्ये एनसीएएने हात टेकले. आता कितीही वेळा बदला, फक्त अभ्यासात पास असा.

मी एका छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. गेल्या सत्रात एक मुलगा आला, तीन वर्षांत तिसरं कॉलेज. पोरगा गोड, पण कॅल्क्युलसचा अर्धा भाग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे. माझं म्हणणं: पहिली बदली मोकळी, दुसऱ्यापासून एक वर्ष बाकावर. कोच सोडून गेला किंवा संघच बंद झाला तर सूट. बोला.

टचडाउन_ताई

काका, लाल कपड्यांवरून तुमचा पक्ष कळला. असहमत, शंभर टक्के.

फुटबॉल कोच लेन किफिन नोव्हेंबर 2025 मध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला. संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर, आणि मुख्य कोच निघाला सामान बांधून. त्याला कोणी वर्षभर बाकावर बसवलं? माझा भाचा इंजिनिअरिंगला होता, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला आणि पहिल्याच सत्रात तिथल्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला लागला. पाच वर्षांत चार हंगाम एवढंच आयुष्य असलेल्या मुलाला मात्र म्हणायचं, बस खाली.

जुन्या नियमाचा मासला हवा? फुटबॉलपटू बेकर मेफिल्ड. टेक्सास टेकला शिष्यवृत्तीशिवाय खेळला, मग ओक्लाहोमाला गेला. 2014 चा हंगाम बाहेर बसून काढला. वर एकाच कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) गेला म्हणून पात्रतेचं एक वर्षही कापलं! ज्यांनी शिष्यवृत्ती दिली नाही, त्यांच्याकडून निघाल्याची शिक्षा. 2016 मध्ये नियम बदलून ते वर्ष परत दिलं म्हणून 2017 ला खेळला, आणि हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, जिंकला.

ठाणेकर_डलासमध्ये

😂 आपण बोलावं? जयस्वालने एप्रिल 2025 मध्ये मुंबईकडे गोव्यासाठी एनओसी मागितली, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘मुंबईने घडवलं आणि हा निघाला’ असं अर्धी रात्र चाललं. महिन्याभरात त्याने विचार बदलला, मुंबईतच राहिला. पृथ्वी शॉ मात्र महाराष्ट्राकडे गेला. आपल्याला दुसऱ्याची बदली म्हणजे गद्दारी, आपल्याकडे आला की संधी. काका, ओहायो स्टेटने बाहेरून आणलेल्या पोरांवर धागा कधी?

कोलंबसचा_काका

@ठाणेकर, लागलं. 😄 पण ती माणसं व्यावसायिक आहेत. माझा मुद्दा कॉलेजच्या मुलांचा आहे.

टचडाउन_ताई

जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, एका कॉलेजला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर मुभा आहे. अजून कोणतं व्यावसायिक हवं?

केटीचा_बाबा (केटी म्हणजे ह्यूस्टनजवळचं)

मी काकांच्या बाजूने, आणि माझं कारण स्वार्थी आहे हे आधीच सांगतो. मुलगा बारावीत, फुटबॉलमध्ये लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू). दोन वर्षांपूर्वी याच्यासारख्या मुलांना कोच घरी फोन करायचे. आता कोचला तयार बावीस वर्षांचा गडी पोर्टलवर मिळतो, त्याने अठराच्या पोराला तीन वर्षं का पोसावं? फुटबॉलच्या संघात आता जास्तीत जास्त 105 मुलं. गेल्या चारही वर्षांचे हाइझमन विजेते बघा: केलेब विल्यम्स, जेडेन डॅनियल्स, ट्रॅव्हिस हंटर, फर्नांडो मेंडोझा. चौघंही कॉलेज बदलून आलेले. बदली मोकळी झाली ती आत असलेल्यांसाठी. दाराबाहेर उभ्या पोरांचं काय, हे कुठल्या कोर्टात कोणी विचारलं?

टचडाउन_ताई

हा मुद्दा वजनाचा आहे, मान्य. पण तुमच्या मुलाला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाला वर्षभर बसवायचं?

केटीचा_बाबा

हो. म्हटलं ना, स्वार्थी आहे.

क्रेडिटवाली

मी एका विद्यापीठात खेळाडूंची अभ्यास-सल्लागार आहे. तुम्ही सगळे बाकावरून भांडताय, आमच्या टेबलावर वेगळीच गोष्ट चालते.

कोर्टाने बाकाचा नियम काढला. 40-60-80 चा नियम जागेवरच आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला 60, पाचव्याला 80. आणि पदवी म्हणजे नव्या कॉलेजातली, तुम्ही निवडलेल्या विषयाची.

उदाहरण धरा. 120 क्रेडिटची पदवी. मुलगा 66 क्रेडिट घेऊन तिसऱ्या वर्षाला येतो. 48 पुरतात, म्हणजे हसतखेळत पास. पण आमचा मेकॅनिकल विभाग म्हणतो, यातले 41 आमच्या पदवीत बसतात, बाकीचे ऐच्छिक म्हणूनसुद्धा लागत नाहीत. मुलगा अपात्र! मग कोचचा माणूस दारात. ‘ताई, कुठल्या विषयात बसवता येईल?’ एखादी ‘जनरल स्टडीज’ छापाची पदवी असते, तिथे 60 बसतात. मुलगा शनिवारी खेळतो, सगळे टाळ्या वाजवतात.

यात लबाडी कोणाचीच नाही, म्हणून तर राग येतो. सगळं नियमात.

फुटबॉलची पोर्टलची खिडकी (नाव नोंदवायची मुदत) यंदा 2 ते 16 जानेवारी होती. आमचं सत्र जानेवारीच्या मध्यात सुरू होतं. इतक्या दिवसांत मुलाने कॉलेज शोधायचं, भेट द्यायची, सही करायची, आणि आम्ही प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम मागवून तपासायचा. पुष्कळदा सही आधी होते, तपासणी मागून. कुठले क्रेडिट कुठल्या पदवीत धरले हे नव्या कॉलेजने सहीच्या आधी लेखी द्यावं, एवढा एक नियम करा. बाकावर बसवा, न बसवा, मला फरक पडत नाही.

ठाणेकर_डलासमध्ये

+१. पहिल्यांदाच या धाग्यावर काहीतरी शिकलो.

टेनिसची_आई

पुण्याहून लिहिते. आमची लेक तिकडे टेनिस खेळते. पहिल्या कॉलेजात कोचशी पटलं नाही म्हणून बदललं, तो तिचा निर्णय, चूक म्हणा हवं तर. दुसऱ्या कॉलेजने दीड वर्षात टेनिसचा संघच बंद केला. नाव घेत नाही. आम्हाला कळलं ते एका ईमेलने, आमच्या पहाटे तीनला. मग तिसरं कॉलेज: नवा आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली नोंद हलवणं, वर शिष्यवृत्तीची घालमेल. विद्यार्थी व्हिसावर तिला जाहिराती करून पैसे कमावणंही अवघड. म्हणजे ‘पैशासाठी उड्या मारतात’ हे ऐकलं की मला हसू येतं हो.

काका, तुमच्या नियमात संघ बंद झाला तर सूट आहे, वाचलं मी. पण सूट द्यायची की नाही हे ठरवणार कोण?

टचडाउन_ताई

@टेनिसची_आई, तेच तर. 2023 चा फुटबॉलपटू टेझ वॉकर आठवा. पहिल्या कॉलेजचा हंगाम कोविडमुळे रद्द, तिथे एकही सामना खेळला नाही. मग केंट स्टेट, मग आजीजवळ राहता यावं म्हणून नॉर्थ कॅरोलायना. एनसीएएने मोजल्या दोन बदल्या आणि सूट नाकारली. देशभर ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये परवानगी दिली, तोवर चार सामने गेले. ज्याच्यासाठी देश ओरडतो त्याचं हे, टेनिसच्या मुलीसाठी कोण ओरडणार?

कोलंबसचा_काका

टेनिसच्या आई, तुमच्या लेकीला मी बसवलं नसतं. पण ‘मी’ ठरवणार नाही, हेही खरं. सूट देण्याचा भाग मी ढिसाळ लिहिलाय. अर्ज, समिती, अपील असं काही नको. संघ बंद झाला की सूट आपोआप, कागद कॉलेजनेच भरायचा. मुख्य कोच गेला तरी तसंच.

क्रेडिटवालींचं लेखीचं कलम मला पूर्ण मान्य. बाक मात्र सोडत नाही. त्या वर्षाकडे शिक्षा म्हणून बघू नका. सामन्यांचे प्रवास नाहीत, गुरुवारी विमानात बसून रविवारी पहाटे परतणं नाही. विस्कटलेला अभ्यास जुळवायला मोकळा वेळ.

टचडाउन_ताई

सराव तेवढाच, वजनं तेवढीच, मीटिंगा तेवढ्याच. फक्त सामना नाही. बेंचवरच्या मुलाला कोच लायब्ररीत पाठवतो असं वाटतं का तुम्हाला?

क्रेडिटवाली

प्रवास वाचतो, हे खरं. बाकीचं ताई म्हणतात तसं. काका, एक विचारू? तुमचा तो तिसऱ्या कॉलेजचा मुलगा आता कुठल्या विषयात आहे?

कोलंबसचा_काका

वर्गाच्या यादीवर बघितलं. जनरल स्टडीज.

क्रेडिटवाली

मग तो कॅल्क्युलस का घेतोय? त्या पदवीला सहसा लागत नाही.

कोलंबसचा_काका

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी तास आहे. विचारतो त्याला.