ॲनिमेतील ठिकाणे: तीस खुणा आणि आठ दिवस

प्रश्न: निळी_छत्री

एप्रिलमध्ये मी प्रथमच जपानला जात असून हाताशी आठ दिवस आहेत. ‘किमी नो ना वा’ हा चित्रपट, बास्केटबॉलवरील ‘स्लॅम डंक’ आणि शाळेतील मुलींच्या संगीत क्लबची मालिका ‘के-ऑन!’ या तिन्ही ॲनिमेंतील (जपानी ॲनिमेशनमधील) खरी ठिकाणे पाहण्याची इच्छा आहे; परंतु नकाशावर खुणा करता करता त्यांची संख्या तीसच्या वर गेली आणि आता कोणती गाळावीत हेच कळेनासे झाले आहे. शिवाय ‘किमी नो ना वा’मधील इतोमोरी गावाचे तळे कोणी हिदामध्ये सांगते, तर कोणी सुवामध्ये. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पाऊलवाट

इतोमोरी हे गावच काल्पनिक आहे, त्यामुळे दोन्ही उत्तरे अर्धी बरोबर आहेत. चित्रपटातील तळ्याशी साम्य असलेले दृश्य नागानो प्रांतातील सुवा तलावाचे, आणि तेही तातेइशी उद्यानाच्या उंचीवरून दिसणारे. नायक ज्या स्थानकावर उतरतो ते मात्र गिफु प्रांतातील हिदा-फुरुकावा. ही दोन्ही एकाच दिवशी पाहण्याचा विचार सोडून द्यावा, कारण मध्ये डोंगररांगा आहेत.

माझे मत हिदाच्या बाजूने आहे. नागोयाहून ‘हिदा’ एक्स्प्रेसने अडीच तासांच्या आसपास लागतात. रुळांवरील पुलावरून खाली उभी असलेली गाडी पाहिली की पडद्यावरची चौकट ओळखू येते. शहराचे ग्रंथालयही चित्रपटात आहे, पण तेथे लोक वाचत बसलेले असतात. छायाचित्र घेण्याआधी कर्मचाऱ्यांना अवश्य विचारावे. याच चित्रपटात दिसणाऱ्या, तोक्योतील सुगा देवस्थानाच्या पायऱ्यांना वेगळा दिवस देण्याची गरज नाही. योत्सुया भागातील वस्तीत त्या आहेत आणि अर्ध्या तासात पाहून होतात.

उत्तर २: फाटकवाला

‘स्लॅम डंक’मध्ये दिसणारे रेल्वेचे फाटक कामाकुरा शहरातील कामाकुराकोकोमाए स्थानकाला लागूनच आहे, त्यामुळे शोधावे लागत नाही; अडचण आहे ती गर्दीची. 2022 च्या डिसेंबरमध्ये नवा चित्रपट आल्यानंतर ती आणखी वाढली. एनोदेन या स्थानिक रेल्वेमार्गावरील गाडी बारा-चौदा मिनिटांनी येते आणि प्रत्येक गाडीला लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, मागून मोटारी येत असल्या तरी. हा रहिवाशांचा रोजचा रस्ता आहे, तेव्हा सकाळी लवकर जावे, पदपथावर उभे राहावे आणि दोन गाड्या पाहून निघावे. स्थानकाच्या नावातील ‘कोको’ म्हणजे जवळचे उच्च माध्यमिक विद्यालय. ते चालू असल्याने त्याच्या आवारात शिरू नये.

पाऊलवाट यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. सुवा गाळावे हे मान्य, पण पायऱ्यांना अर्धा तास हा हिशेब मला पटत नाही. चित्रकार उतार वाढवतो, विजेच्या तारा हलवतो, डोळ्यांची पातळी उचलतो. त्याने काय बदलले हे न्याहाळण्यातच निम्मी मौज असते आणि त्यासाठी थांबावेच लागते.

उत्तर ३: जुनी_घंटा

‘के-ऑन!’मधील शाळा ही शिगा प्रांतातील तोयोसातो येथील जुनी प्राथमिक शाळा. माझ्या मते तुमच्या यादीतले हे सर्वांत मोलाचे ठिकाण आहे, कारण येथे नुसते दृश्य नाही, इमारतीची स्वतःची कथाही आहे. विल्यम मेरेल व्होरिस या वास्तुकाराने ती उभारली, 1937 साली. 2002 च्या सुमारास ती पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि ती वाचली. मालिका 2009 मध्ये आली, म्हणजे चाहते येण्यापूर्वीच गावाने ती राखली होती. जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासवाच्या पितळी आकृत्या आहेत. मालिकेतही त्या दिसतात. मुलींच्या क्लबच्या खोलीत चहाची भांडी मांडून ठेवलेली असतात.

मार्गही सोयीचा आहे: हिदाहून नागोयाला परत यावे, शिंकान्सेन या अतिजलद रेल्वेने माइबारा गाठावे आणि तेथून ओमी रेल्वेने तोयोसातोला जावे. मात्र या छोट्या मार्गावरील गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची वेळ उतरतानाच पाहून ठेवावी.

निळी_छत्री

सर्वांचे आभार. सुवा गाळले, फाटकासाठी पहाटेची लोकल धरीन, आणि पायऱ्यांना फाटकवाला यांच्या म्हणण्याप्रमाणे अख्खी सकाळ देईन. तोयोसातो मी खरे तर गाळण्याच्या बेतात होते. आता त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. उरलेल्या पंचवीसेक खुणा नकाशावरून पुसल्या.